उतरवण्याची रीत

चढवायला बारा मिनिटं लागतात, उतरवायला पंचवीस.
नव्या पोरांना हेच कळत नाही.
ती चढवण्याचा सराव करतात आरशासमोर,
मरण मात्र उतरवताना चिकटतं,
मनगटावर, कानामागे,
आता झालंच म्हणत कपाळ पुसायला उचललेल्या हाताला.

काल रात्री शिवडीला, बंद गोदामात, चौदा पिंपं.
लेबल एकावरही नाही.
तेरा गप्प होती, एक पाझरत होतं.
आत गेले पास्कल तुस्कानो आणि परांजपे साहेब,
पाठीवर मार्करने नाव आणि वेळ: दोन वाजून दहा.
मी पिवळ्या पट्ट्यात, नळी आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन.
माझं काम धुण्याचं. आडनाव ओव्हाळ.
हसू नका. माझं हसून झालंय.

हौद म्हणाल तर लहान मुलांचा, फुगवायचा,
निळा, आत बदकं छापलेली.
खरा हौद टेंडरमध्ये अडकलाय तीन वर्षं.
हा मीच आणला चेंबूर स्टेशनबाहेरून, साडेआठशेला,
पावती जपून ठेवलीय.

सव्वीस मिनिटांनी सिलेंडरची शिट्टी वाजली.
तुस्कानो बदकांत येऊन उभा राहिला, हात आडवे पसरून,
त्याच्या वसईच्या गावाबाहेरच्या क्रुसासारखा.
डोक्यापासून सुरुवात. नेहमी वरून खाली.
काखा. चेनवरची पट्टी. बुटांचे तळवे, एकेक.
मग मनगटाची चिकटपट्टी; तिचं टोक मी आधीच दुमडून ठेवतो,
जाड हातमोज्याला सापडावं म्हणून.
मग सूट, आतलं बाहेर काढत, खाली गुंडाळत,
सापाला कात टाकायला हातभार लावावा तसा.
मास्क सर्वात शेवटी.
श्वास शेवटी उघडा करायचा.

"शिवू नका!" मी परांजप्यांवर ओरडलो.
त्यांचा हात माझ्या खांद्याकडे येत होता, भोवळ आली असावी.
"लांब राहा साहेब, अजून धुतलं नाही तुम्हाला."
शब्द तोंडातून गेला
आणि मला माझा आजा आठवला.

आजा भायखळ्याच्या गटारात उतरायचा.
त्याचा सूट खोबरेल तेलाचा होता.
अंगभर चोपडायचा, नाकाकानातही, खाली एक चड्डी.
बाहेर आला की नळ त्याच्यापासून चार हात लांब,
कुणीतरी तांब्या वरून ओतायचं,
आणि तो शब्द. तोच.
घरी जाऊन कितीही घासो,
त्याच्यासाठी कुणी हिरवी रेघ आखली नव्हती
जिच्या पलीकडे माणूस धुतलेला धरतात.

माझ्याकडे आहे.
लाल, पिवळी, हिरवी, डांबरावर फितीने ओढलेली.
लालमधून येणारा कुणीही असो, ओवळा.
आणि दहा मिनिटं साबणपाणी, की सुटला.
एवढं साधं असतं ते.
दहा मिनिटं. साबणपाणी.

परांजप्यांच्या बुटातून घाम ओतला, पेलाभर.
पोरगं तिशीच्या आतलं. मास्क घट्ट बसावा म्हणून
घाईत दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं.
त्यांना यातलं काही माहीत नाही.
हिरव्यात बसून बिस्किटाचा पुडा फोडताना म्हणाले,
"ओव्हाळ, तुम्हाला कोण धुणार?"
रीतच आहे, धुणारा सर्वात शेवटी.
ते उठले. पुडा तुस्कानोकडे दिला.
नवा सूट, नवे हातमोजे चढवले, नळी घेतली.
"हात वर. वळा."
पाठीवर पाणी आदळलं.
ब्रश खालून वर चालवत होते. चूक.
मी काही बोललो नाही लगेच.
मग बोललो. "वरून खाली, साहेब."

पहाटे बदकांची घडी पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर नंबर.
धुतलेलं पाणी पिंपात. पंधरावं.
याला मात्र मी लेबल लावलं, मोठ्या अक्षरात,
दोन्ही बाजूंनी.
गाडी तळोज्याला जाते म्हणतात.
तिथं कुणीतरी झाकण उघडेल.
त्याला वाचता यावं.
त्याच्याकडे हातमोजे असावेत,
आतले आणि बाहेरचे, दोन्ही.